सात खणांचा सोपा, दोन खणांचा संसार

पुण्याच्या जुन्या पेठांत घर मोजायचे ते खणांत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. त्याची रुंदी घरोघर थोडी कमी-जास्त, पण बहुतेक ठिकाणी पाच-सहा फुटांच्या आसपास. सरदाराचा दिवाणखाना सात खणांचा आणि त्याच वाड्यात दीडशे वर्षांनी राहणाऱ्या शाळामास्तरांचे बिऱ्हाड दोन खणांचे, माप तेच. भावाभावांची वाटणी खणांवर झाली, भाडे खणांवर ठरले आणि वाडा पाडायची वेळ आली तेव्हा लाकडाचा व्यापारीही आधी खण मोजत आत शिरला. वाडे का उभे राहिले, दोनशे वर्षे का टिकले आणि मग एका पिढीत का गेले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना मी पुन्हापुन्हा या खणापाशीच येऊन थांबतो.

पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवार वाड्याची पायाभरणी केली, तेव्हा पुणे म्हणजे मुख्यत्वे कसबा आणि त्याच्या भोवतीच्या थोड्या पेठा. पेशव्यांचे घर सासवडला होते. दोन वर्षांत, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि खर्च लागला १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीकडून. आज जो दगडी तट, नऊ बुरूज आणि खिळे ठोकलेला दिल्ली दरवाजा आपण पाहतो, ते वाड्याचे कवच. खरा वाडा आत होता आणि तो लाकडाचा होता.

पेशवा पुण्यात राहायला आला आणि दरबारच इथे भरू लागला. मग ज्याला दरबारात वजन हवे, त्याला हाकेच्या अंतरावर घर हवे. पुरंदरे आणि मुजुमदार शनिवार वाड्याच्या शेजारीच राहिले. नाना फडणवीसांनी १७८० च्या सुमारास अगदी समोर आपला वाडा बांधला. पेशव्यांचे सोयरे असलेल्या रास्त्यांचा वाडा ज्या पेठेत उभा राहिला तिला नावच रास्ता पेठ मिळाले. मेहेंदळे, विंचूरकर, गायकवाड, भिडे, नातू अशी नावे पेठापेठांत रुजत गेली. मराठ्यांचे घोडे अटकेकडे, बंगालकडे, कर्नाटकात धावत होते आणि तिकडून आलेल्या पैशाचे इथे खांब होत होते. उत्तरेत राहून आलेल्या सरदारांनी तिकडच्या महिरपी डोळ्यांत साठवून आणल्या. इथल्या सुतारांनी त्या दगडाऐवजी सागात उतरवल्या. या सुतार-गवंड्यांची नावे वाड्यांना मिळाली नाहीत, याची खंत वाटते.

वाड्याची रचना एकदा नीट समजून घेतली पाहिजे. रस्त्याकडून पाहिले तर फारसे काही दिसत नाही. उंच जोते, त्यावर जाड भिंत, वर मोजक्याच खिडक्या. दरवाजा मात्र भारदस्त, वरच्या पट्टीवर गणपती, आणि मोठ्या फळीत कापलेली दिंडी; तिच्यातून वाकूनच आत जायचे. आत गेल्यावर देवडी. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे ओटे, भिंतीत आडवा सरकणारा अडसर. देवडी ओलांडली की एकदम उजेड: पहिला चौक. चारी बाजूंनी सोपे, तिथे कारकुनांच्या बैठका, फड, येणारे-जाणारे. या चौकावरच्या माडीवर दिवाणखाना. पुढचा चौक घरच्यांचा: ओसरी, माजघर, देवघर, तुळशीवृंदावन. त्याहून मागचा चौक स्वयंपाकघर, कोठी, विहीर आणि परसाचा. लहान वाडा एका चौकाचा, मोठा तीन-चार चौकांचा. शनिवार वाड्यात मुख्य चौक चार होते.

पाहुण्याची पत आणि जात पाहून त्याने कुठल्या चौकापर्यंत यायचे ते ठरे, आणि घरातल्या बाईने कुठवर पुढे यायचे तेही. बाळंतिणीची खोली सर्वांत अंधारी. विधवा सुनेची जागा मागच्या चौकात, चुलीपाशी. वाड्यांच्या देखणेपणावर लिहिताना हे सांगायचे राहून जाते. तसे राहू देऊ नये, कारण भिंती कुठे जाड ठेवायच्या आणि खिडक्या कुठे ठेवायच्याच नाहीत, हे या नियमांनी ठरवले होते.

आता बांधणी. जोते दगडाचे. त्यावर दगडी उथाळे आणि उथाळ्यावर सागाचा खांब, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, त्यावर मातीचा थर आणि मग वरची जमीन. चौकाच्या बाजूने सगळा भार या खांबांवर. बाहेरच्या बाजूने तुळयांची टोके भिंतीत शिरलेली. आणि ही भिंत? दर्शनी भागात घडीव दगड किंवा पातळ, पक्क्या भाजलेल्या विटा. आत बहुतांशी पांढरी माती. दोन-तीन फूट जाडीची ही भिंत उन्हाळ्यात घर थंड ठेवी. तिच्या पोटात कोनाडे, फडताळे आणि एका वेळी एकच माणूस चढेल असा अरुंद जिना बसे. माती कोरडी आहे तोवर भिंतीला काही होत नाही. ओल आत गेली की मात्र ती भिंत पुन्हा माती होऊ लागते. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी कौले चाळायची, गिलावा पाहायचा, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून लांब काढायचे. वाडा हे सतत हात फिरवत राहण्याचे घर होते. मोठ्या वाड्यात ते करायला माणसे असत आणि त्यांना द्यायला धान्य असे.

पाणी हा वाड्यांच्या वैभवाचा दुसरा आधार. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला बंधारे घालून तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरात आणले. पंप नाही, यंत्र नाही. केवळ उतारावर पाणी चालते. मध्ये मध्ये उंच उच्छ्वास बांधलेले, त्यांतून नळातली हवा बाहेर पडे. या पाण्यावर पेठांतले सार्वजनिक हौद भरले आणि सरदारांच्या चौकांत कारंजी उडाली. शनिवार वाड्यातले सोळा पाकळ्यांच्या कमळासारखे हजारी कारंजे याच पाण्याचे. पण हौद सार्वजनिक असला तरी सर्वांचा नव्हता. ते पाणी कोणी भरायचे नाही, हे पेठेत जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कात्रजच्या नळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुण्याच्या वाड्यांचा इतिहास सांगताना या एका हौदाला मी कुठल्याही दिवाणखान्याच्या बरोबरीने जागा देईन.

शनिवार वाड्याचा दिवाणखाना दिसत कसा होता? आत शिल्लक आहेत ती जोती, हौद आणि हिरवळ. पण एक चित्र आहे. १७९० मध्ये इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने सवाई माधवरावांच्या दरबारात टिपूविरुद्धचा तह केला. जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात राहून त्या प्रसंगाची रेखाटने केली. तो वारल्यावर थॉमस डॅनियलने त्यांवरून १८०५ मध्ये मोठे तैलचित्र पुरे केले. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. त्यात कोरीव खांबांच्या रांगा आहेत, खांबाखांबांमध्ये महिरपी आहेत आणि बैठकीवर दाटीवाटीने बसलेले मुत्सद्दी. खांब मुद्दाम पाहावेत: खाली कमळ-केळफुलांची बैठक, वर सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले अंग. इथे खणाची रचना सर्वांत श्रीमंत रूपात दिसते. मधली भिंत नाहीच, नुसते खांबच खांब, त्यामुळे शंभर माणसे बसली तरी जागा मोकळी वाटते.

त्या घाटाचे खांब डोळ्यांनी पाहायचे असतील तर विश्रामबाग वाड्यात जावे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सुमारे दोन लाख रुपये खर्चून तो सदाशिव पेठेत बांधला. राज्याची घडी विसकटली होती, होळकरांनी पुणे लुटून फार वर्षे झाली नव्हती, तरी बांधकामावर पैसा चालूच होता. रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा, त्याला पेलणारे नक्षीचे घोडे, खाली दुकानांची गर्दी. वरच्या दिवाणखान्यातल्या एका खांबापाशी थांबून तळापासून वर पाहत गेले की कामाचा कस कळतो. केळफुलाची प्रत्येक पाकळी वेगळी सुटी केलेली आहे, आणि खांब वर जाताना इतक्या हळू बारीक होतो की कुठे बारीक झाला ते सांगता येत नाही. राज्य बुडण्याच्या दहा वर्षे आधी पुण्यातला सुतार आपल्या कसबाच्या शिखरावर होता.

नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवार वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढच्या वर्षी पेशवाई संपली. वाडे तसेच उभे राहिले, पण त्यांना पोसणारा दरबार गेला. सरदारांकडे जहागिरी राहिल्या, त्यांतल्या अनेकांवर पुढे इनामांची छाननी करणाऱ्या इनाम कमिशनची कात्री चालली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवार वाड्याला लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. लाकडाचा सगळा वाडा गेला आणि कवच उरले. मे १८७९ मध्ये एका रात्रीत बुधवार वाडा जळाला आणि विश्रामबागेचा मोठा भाग जळाला. विश्रामबाग लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला. पेशवाई जाऊन साठ वर्षे झाली होती, वर्गणी देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दरबार पाहिलेलाही नव्हता, तरी त्यांना तो वाडा हवा होता.

याच शतकात वाड्यांनी नवी कामे पत्करली. विश्रामबागेत १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज आकाराला आले. बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. ज्या घराची आखणीच बाईला मागच्या चौकात ठेवण्यासाठी झालेली, त्या प्रकारच्या घरात मुली पाटी घेऊन बसल्या. नाना वाड्यात न्यू इंग्लिश स्कूलचे वर्ग भरले. सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यात टिळक राहत होते. विवेकानंद १८९२ मध्ये त्यांच्याकडे तिथेच उतरले आणि दोन वर्षांनी तिथेच टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला. नारायण पेठेतला गायकवाड वाडा १९०५ मध्ये टिळकांनी घेतला आणि ‘केसरी’चा छापखाना तिथे आला. मुजुमदार वाड्यात आबासाहेब मुजुमदारांमुळे देशभरातल्या गवय्यांची बैठक झाली. भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० मधली सुरुवातही मेहेंदळ्यांच्या वाड्यातली.

शाळा, छापखाना, सभा, मैफल, गणपती हे सारे वाड्यात इतक्या सहज बसले ते खणांमुळेच. खांबांमधला पडदा काढला की सभागृह, फळ्यांची आडभिंत घातली की वर्ग. दगडी भिंतींच्या हवेलीत हे जमले नसते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा पाया ज्या चार-पाच दशकांत पडला, त्या काळात पुण्यात सभागृहे जवळपास नव्हतीच, चौक होते.

१८९७ च्या प्लेगने वाड्याकडे बघण्याची नजर बदलली. प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे शिपाई देवघरापर्यंत शिरले, रोगी शोधू लागले, सामान बाहेर काढू लागले. त्या अपमानातून रँडचा खून घडला. पण साथ ओसरल्यावर डॉक्टरांचे एक म्हणणे लोकांच्या मनात राहिले: बिनखिडकीच्या कोंदट खोल्या रोगट असतात. पुढच्या काही दशकांत डेक्कन जिमखान्याकडे बंगल्यांची वस्ती वाढली. चारी बाजूंनी खिडक्या, भोवती बाग. ज्यांना शक्य होते ते नदीपलीकडे गेले आणि पेठेतला वाडा भाड्याने दिला.

आणि इथे वाड्याचे दुसरे आयुष्य सुरू झाले. सोप्याच्या सात खणांत तीन बिऱ्हाडे झाली. दिवाणखान्यात मध्ये फळ्या मारल्या गेल्या. कोरीव खांबाचा अर्धा भाग एकाच्या स्वयंपाकघरात, अर्धा दुसऱ्याच्या माजघरात. घोड्यांच्या पागेत दुकान. चौकात एक नळ, त्यावर पहाटे लावलेल्या बादल्या आणि कळशांची रांग. कोकणातून, देशावरून शिकायला आलेली मुले, वार लावून जेवणारे विद्यार्थी, कारकून, मास्तर, नर्सा, शिवणकाम करणाऱ्या बायका या सगळ्यांना पुण्याने जागा दिली ती या खणांत. मालकाच्या आठवणीतला वाडा वेगळा आणि भाडेकरूच्या आठवणीतला वेगळा. माझ्या मते वाड्यातून सर्वाधिक माणसे जगली, शिकली ती या दुसऱ्या काळात; त्याची कागदपत्रे मात्र कोणी जपली नाहीत.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचे नाही, हा हेतू योग्यच होता. पण वाड्याला दरवर्षी कौले, चुना, लाकूड लागते, आणि वीस बिऱ्हाडांचे मिळून येणारे भाडे एका पावसाळ्याच्या डागडुजीलाही पुरेना. मालक म्हणे, पैसे कुठून आणू? भाडेकरू म्हणे, घर तुमचे आहे. मधल्या मध्ये कौल फुटलेलेच राही आणि पाणी भिंतीत उतरत राही. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, तोवर बहुतेक भिंतींनी पोट काढले होते.

१२ जुलै १९६१ ला तर हे सगळे एका दिवसात घडले. पानशेतचे धरण सकाळी फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचे पाणी लकडी पुलावरून शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार पेठांत शिरले. पुराचा लोंढा जोराचा होता, पण वाड्यांना अधिक नडले ते घरांत साचून राहिलेले पाणी. काही तासांत पांढरी माती विरघळली. भिंत बसली की तिच्यात अडकवलेली तुळयांची टोके सुटली. चौकाकडचे खांब उथाळ्यांवर उभेच, पण दुसऱ्या बाजूचा आधार गेल्याने माडी आत कलंडली. ज्यांनी पुरानंतरचे पुणे पाहिले ते सांगतात, गल्ल्यांमध्ये चिखलात उभे राहिलेले खांब होते आणि त्यांच्या आसपास घर नव्हते. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. पेठेतल्या अनेक कुटुंबांनी तेव्हाच सिमेंटच्या छताखाली पहिल्यांदा रात्र काढली, आणि मातीच्या भिंतीवरचा त्यांचा विश्वास कायमचा गेला. याबद्दल त्यांना कोणी बोल लावू नये.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जागेची किंमत वाढली. वारसांची संख्या वाढली; एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. विकासक येतो, भाडेकरूंना सदनिका कबूल करतो, आणि पाडकाम सुरू होते. खांब, तुळया, दारे आधी उतरवतात, कारण दोनशे वर्षांचे सागवान आजही चांगल्या भावाने जाते. इमारतीला नाव मात्र वाड्याचेच देतात. अप्पा बळवंत चौकात रोज हजारो मुले पुस्तके घ्यायला येतात; ते अप्पा बळवंत म्हणजे मेहेंदळे आणि हा चौक त्यांच्या वाड्याच्या नावाचा, हे सांगावे लागते.

जे वाचले ते बहुतेक सरकारी किंवा संस्थांचे: विश्रामबाग, नाना वाडा, केसरी वाडा, फुले वाडा. दिनकर केळकरांनी एकट्याच्या जिद्दीने पेठापेठांतून, गावोगावांतून दारे, खिडक्या, दिवे, अडकित्ते गोळा केले आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे लाकूडकाम शुक्रवार पेठेतल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. भिडे वाड्यात मुलींच्या शाळेचे स्मारक करण्यावरून खटला मात्र वर्षानुवर्षे चालला. निकाल लागला तेव्हा मूळ वास्तू इतकी खिळखिळी झाली होती की स्मारकासाठी, डिसेंबर २०२३ मध्ये, ती पाडावीच लागली.

खासगी वाडा मालकाने स्वतःच्या पैशाने जपावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. ज्याच्या डोक्यावर गळते त्याला वारसा शिकवायला जाऊ नये. पण एक गोष्ट पैशाशिवाय होऊ शकते. वाडा पाडण्याचा परवाना देण्याआधी त्याची मोजणी व्हावी. किती चौक, किती खण, खांबाचा घाट कोणता, जिना कुठून, विहीर कुठे, कोणते बिऱ्हाड कोणत्या खणांत, हे सारे कागदावर उतरवावे. पुण्यातल्या वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी असे कितीतरी आराखडे अभ्यासासाठी केले आहेत आणि ते महाविद्यालयांच्या कपाटांत पडून आहेत. पहिले काम ते एकत्र करून महापालिकेने लोकांना पाहायला ठेवण्याचे. दुसरे, सोमवार-मंगळवार आणि कसब्यात जे पाच-पन्नास वाडे अजून भाडेकरूंसह उभे आहेत, तिथे पुढच्या पावसाळ्याआधी टेप घेऊन जाण्याचे.